वाच्यार्थाचा मोह : ख्रिस्तसभेच्या इतिहासातील काही पाने

धर्मशिक्षणाच्या वर्गात प्रेषितांचा विश्वासांगीकार शिकवीत असताना एक लहान मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "फादर, येशू देवबापाच्या उजवीकडे बसला आहे, मग डावीकडे कोण बसतं?" वर्गात हशा पिकला. प्रश्न विचारणारा मात्र गंभीर होता. मी त्याला समजावले की, आपण एखाद्याला "तो सरपंचांचा उजवा हात आहे" असे म्हणतो, तेव्हा तो माणूस म्हणजे खरोखरचा हात नसतो. उजवी बाजू ही मानाची आणि अधिकाराची खूण आहे. त्याला ते पटले. परंतु खाली बसता बसता तो हळूच म्हणाला, "म्हणजे देवाला हात नाहीत?" त्याच्या स्वरात जी निराशा होती तिचे उत्तर मला त्या क्षणी देता आले नाही.

शाळेत मराठी व्याकरण शिकताना शब्दशक्तीचे तीन प्रकार आपण पाठ केलेले असतात : अभिधा, लक्षणा आणि व्यंजना. शब्दाचा सरळ, कोशातला अर्थ तो वाच्यार्थ. "बाबा ताटावर बसले आहेत" असे आई म्हणते तेव्हा बाबा ताटावर चढून बसले असे कोणी समजत नाही. "घरावरून मिरवणूक गेली" म्हणून कोणी कौले मोजायला जात नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी यासाठी 'गंगेवरील गवळीवाडा' हे उदाहरण दिले आणि एक मार्मिक अट सांगितली. मुख्य अर्थाला जेथे बाधा येते तेथेच लक्षणेकडे वळावे. नदीच्या प्रवाहावर वाडा उभा राहू शकत नाही, म्हणून 'गंगेवर' म्हणजे गंगेच्या काठावर.

घरच्या भाषेत हा विवेक आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळतो. परंतु शब्द परक्या भाषेतून, दूरच्या काळातून आणि पवित्र ग्रंथातून आला की हाच विवेक डळमळू लागतो. पवित्र शब्दाला लक्षणा लावणे म्हणजे त्याचा मान कमी करणे, अशी भीती वाटते. या भीतीने, आणि कधी कधी द्वेषानेही, वाच्यार्थाला कवटाळल्यामुळे काय काय घडले, त्याची काही पाने या लेखात उलगडावयाची आहेत. त्यांपैकी काही आपल्या हुतात्म्यांच्या रक्ताने भिजलेली आहेत, आणि काही आपल्या लोकांनी इतरांच्या सांडलेल्या रक्ताने.

मंदिर, खमीर आणि झोप

आरंभ स्वतः प्रभूपासूनच करावा लागतो. संत योहानाच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात येशू म्हणतो की हे मंदिर मोडून टाका, मी ते तीन दिवसांत उभारीन. ऐकणारे लगेच हिशेब मांडतात : हे मंदिर बांधावयास शेहेचाळीस वर्षे लागली! तो आपल्या शरीररूपी मंदिराविषयी बोलत होता, असा खुलासा शुभवर्तमानकार पुढे करतो. निकदेम 'पुन्हा जन्मणे' म्हणजे म्हाताऱ्याने मातेच्या उदरात शिरणे असे समजला. परूश्यांच्या खमिराबद्दल सावध केले, तर शिष्यांना वाटले, आपण भाकरी आणावयास विसरलो म्हणून गुरुजी रागावले. लाजर झोपला आहे असे सांगितले, तर ते म्हणाले, झोप लागली असेल तर तो बरा होईल.

या प्रसंगांतील शिष्यांचा भोळेपणा पाहून हसू येते. परंतु मंदिराविषयीचे ते वाक्य तेथेच थांबले नाही. प्रमुख याजकासमोर येशूचा न्यायनिवाडा चालला असता दोन साक्षीदार पुढे आले आणि हा मनुष्य देवाचे मंदिर मोडण्याची भाषा करतो, असे त्यांनी सांगितले. संत मत्तयाने ही साक्ष नोंदवून ठेवली आहे. म्हणजे ज्या आरोपांनी प्रभूला क्रुसाकडे नेले, त्यांत एक आरोप लाक्षणिक वाक्याच्या शब्दशः अर्थाचा होता. शिष्य चुकले ते न समजल्यामुळे, आणि समजून घेतल्यावर सुधारले. साक्षीदारांना मात्र समजून घ्यावयाचेच नव्हते. या दोन चुकांमधील फरक पुढील सर्व इतिहासात उपयोगी पडणार आहे.

लियॉन, इ. स. १७७

रोमन सम्राट मार्कुस अवरेलियसच्या कारकिर्दीत, १७७ साली, गॉल प्रांतातील लियॉन नगरात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, ख्रिस्ती लोकांचा भयंकर छळ झाला. त्याचा वृत्तान्त लियॉन व व्हिएन येथील ख्रिस्ती मंडळींनी आशिया व फ्रुगिया येथील बांधवांना पत्राने कळविला, आणि इतिहासकार युसेबियसने तो आपल्या ग्रंथात जपून ठेवला. आधी ख्रिस्ती लोकांना स्नानगृहांत आणि बाजारात येण्यास बंदी झाली. मग धरपकड सुरू झाली. काही ख्रिस्ती घरांत काम करणारे अख्रिस्ती गुलामही पकडले गेले. आपल्या धन्यांचे हाल आपल्याही वाट्याला येतील या भीतीने आणि सैनिकांच्या चिथावणीने त्यांनी सांगून टाकले की हे लोक माणसांचे मांस खातात आणि निषिद्ध नात्यांत व्यभिचार करतात.

असे भलते आरोप कोठून निघाले? ख्रिस्ती लोक पहाटे किंवा रात्री बंद दाराआड जमत. प्रभूचे शरीर सेवन करावयाचे, त्याचे रक्त प्यावयाचे, अशी भाषा तेथे होत असे. ते एकमेकांना बंधू आणि भगिनी म्हणून हाक मारीत, पतिपत्नीसुद्धा. दाराबाहेरच्या कानांवर हे शब्द पडले आणि त्यांचा सरळ अर्थ लावला गेला, असे अनेक अभ्यासक मानतात. त्यापूर्वी सुमारे ११२ साली बिथुनियाचा अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्राजानला लिहिलेल्या पत्रात, चौकशीअंती हे लोक जे अन्न घेतात ते साधे आणि निरुपद्रवी आहे, असे नमूद केले होते. तरीही अफवा मेली नाही. १९७ साली तर्तुल्यनाने आपल्या समर्थनपर ग्रंथात तिची कठोर थट्टा केली, त्यावरून ती तेव्हाही किती जिवंत होती हे समजते.

लियॉनच्या बंदिवानांत बिब्लिस नावाची एक स्त्री होती. छळाच्या धाकाने तिने आधी विश्वास नाकारला होता. तिच्या तोंडून इतर ख्रिस्ती लोकांविरुद्ध साक्ष मिळावी म्हणून तिचे पुन्हा हाल केले गेले. त्या वेदनांनी ती जणू झोपेतून जागी झाली आणि तिने उलट विचारले की, ज्यांना मुक्या जनावरांचे रक्तदेखील वर्ज्य आहे, ते लोक लेकरे कशी खातील? तिची गणना मग हुतात्म्यांत झाली. नव्वदी ओलांडलेले बिशप पोथिनस मारहाणीनंतर दोन दिवसांनी तुरुंगात मरण पावले. ब्लान्दिना या गुलाम स्त्रीचे धैर्य पाहून शत्रूही थक्क झाले. हुतात्म्यांची शरीरे जाळून त्यांची राख ऱ्होन नदीत टाकण्यात आली.

आपल्या शब्दांचा विपरीत अर्थ लावला गेला म्हणून आपली माणसे मेली, ही आठवण खरे तर ख्रिस्तसभेने कधीही विसरावयास नको होती.

देवाचे हात

तिसऱ्या शतकात आलेक्सान्द्रियात ओरिजेन नावाचा महान पंडित होऊन गेला. पवित्र शास्त्रातील लाक्षणिक अर्थ उकलण्यात त्याच्या तोडीचा दुसरा नव्हता. परंतु युसेबियस सांगतो की याच ओरिजेनने तरुणपणी संत मत्तयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील, स्वर्गराज्यासाठी स्वतःला षंढ करून घेणाऱ्यांविषयीचे वचन शब्दशः घेतले आणि आपल्या शरीराला कायमची इजा करून घेतली. काही आधुनिक इतिहासकारांना ही हकीकत शंकास्पद वाटते. मात्र उतारवयात लिहिलेल्या मत्तयाच्या भाष्यात ओरिजेनने अशा शब्दशः अर्थाचा स्पष्ट निषेध केला आहे. असे करणारे इतरही असावेत, कारण ३२५ सालच्या निकेया परिषदेचा पहिलाच नियम, निरोगी असताना स्वतःला असे अपंग करून घेणाऱ्यांना धर्मसेवेतून दूर ठेवतो.

ओरिजेनच्या मृत्यूनंतर सुमारे दीडशे वर्षांनी मिसरच्या वाळवंटात मोठे वादळ उठले. पवित्र शास्त्रात देवाचा हात, देवाचे डोळे, देवाचे मुख असे शब्द जागोजागी येतात, आणि मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे असे उत्पत्तीच्या ग्रंथात म्हटले आहे. त्यावरून देवाला मनुष्यासारखे शरीर आहे, असे तेथील अनेक साध्याभोळ्या मठवासीयांचे मत होते. ३९९ साली आलेक्सान्द्रियाचे बिशप थेओफिलस यांनी पास्काच्या वार्षिक पत्रात या मताचे खंडन केले.

स्केतिसच्या वाळवंटात हे पत्र पोहोचले तेव्हा काय झाले, ते योहान कॅसियनने लिहून ठेवले आहे. सेरापियन नावाचा एक वृद्ध, तपस्वी मठवासी तेथे होता. कपदुकियाहून आलेल्या फोतिनस या विद्वान उपयाजकाने त्याला शांतपणे समजावले की पूर्वेकडील सर्व मंडळ्या 'देवाचे प्रतिरूप' या शब्दांचा अर्थ आध्यात्मिक घेतात. निराकार, अमर्याद देवाला मानवी आकारात कोंडता येत नाही. वृद्धाला ते पटले. सर्वांना आनंद झाला आणि सारे आभाराच्या प्रार्थनेला उभे राहिले. परंतु इतकी वर्षे ज्या रूपाला डोळ्यांसमोर ठेवून तो प्रार्थना करीत आला होता, ते रूप आता त्याला दिसेना. तो जमिनीवर कोसळला आणि हुंदके देत म्हणू लागला की त्यांनी माझा देव माझ्यापासून नेला, आता मी कोणाला धरू, कोणाची आराधना करू?

ही कथा मी सेमिनरीत असताना प्रथम वाचली. तेव्हा मला ती अज्ञानाची कथा वाटली होती. आज तसे वाटत नाही. सेरापियनचे मत चुकले होते, पण त्याची भक्ती खोटी नव्हती. वाच्यार्थ काढून घेणाऱ्याने त्या जागी काहीतरी द्यावे लागते, नाहीतर मागे केवळ पोकळी उरते.

पुढचा भाग याहून दुःखद आहे. इतर संतप्त मठवासी आलेक्सान्द्रियात धावून आले, तेव्हा थेओफिलस यांनी आपला पवित्रा बदलला. इतिहासकार सोक्रातेस सांगतो की तुम्हाला पाहताना मला देवाचेच मुख दिसते, असे म्हणून त्यांनी जमावाला शांत केले. लवकरच ओरिजेनच्या मताच्या मठवासीयांना वाळवंटातून हुसकावण्यात आले. त्यांच्यापैकी 'उंच बंधू' म्हणून ओळखले जाणारे चौघे आणि त्यांचे सोबती अखेर कॉन्स्टँटिनोपलला पोहोचले. तेथील बिशप संत योहान क्रिसोस्तोम यांनी त्यांना आसरा दिला. हे निमित्त थेओफिलस यांना पुरले. राजवाड्याचा रोष आधीच ओढवलेला होता. ४०३ साली एका धर्मसभेने क्रिसोस्तोमना पदच्युत केले, ४०४ साली त्यांची अंतिम हद्दपारी झाली आणि ४०७ साली, सक्तीच्या वाटचालीत, 'सुवर्णमुखी' म्हणून गौरविलेला तो वक्ता मरण पावला. देवाला हात आहेत की नाहीत, यावरून सुरू झालेल्या वादाने देवाच्या लेकरांना हात देणाऱ्या एका बिशपचा बळी घेतला.

संत अगस्तीन : नियम आणि चूक

याच सुमारास उत्तर आफ्रिकेत हिप्पोचे बिशप संत अगस्तीन ख्रिस्ती शिकवणुकीवरील आपला ग्रंथ लिहू लागले होते. इ. स. ३९६ च्या सुमारास सुरू केलेले हे काम त्यांनी ४२६ च्या सुमारास पुरे केले. त्याच्या तिसऱ्या भागात वाच्यार्थ कोठे घ्यावा आणि लक्षणा कोठे मानावी, याचा कस त्यांनी दिला आहे. त्याचा आशय असा : ज्या वचनाचा सरळ अर्थ शुद्ध आचरणाशी किंवा खऱ्या विश्वासाशी जुळत नाही, ते लाक्षणिक समजावे, आणि त्याचा अर्थ देवप्रीती व शेजारप्रीती यांच्या राज्यापर्यंत पोहोचेतो त्यावर मनन करीत राहावे. त्यांचे उदाहरण फार बोलके आहे. भुकेल्या वैऱ्याला खावयास दे, म्हणजे तू त्याच्या मस्तकावर निखाऱ्यांची रास करशील, या अर्थाचे वचन संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आहे. निखारे म्हणजे वैऱ्याला भाजून काढणे, असे मानले तर त्याला जेवू घालणे हे सूडाचे साधन ठरेल. म्हणून ते निखारे म्हणजे उपकाराने पेटलेला पश्चात्ताप होय, असे अगस्तीन सांगतात.

आपल्या शास्त्रकारांच्या भाषेत सांगावयाचे तर मुख्यार्थाला बाधा येते की नाही, हे अगस्तीननी प्रीतीवरून ठरविले. यापेक्षा चांगला कस मला ठाऊक नाही.

आणि तरीही या थोर पुरुषाच्या हातून या कसाचा विसर पडला. आफ्रिकेत दोनातपंथीयांची फूट पडली होती. विश्वासाच्या बाबतीत कोणावर जबरदस्ती करू नये, असे अगस्तीन यांचे आधीचे मत होते. सुमारे ४०८ साली लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी ते स्वतःच सांगितले आहे आणि आता आपण मत बदलले, असेही कबूल केले आहे. ४१७ च्या सुमारास लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात त्यांनी कायद्याच्या बळाचे समर्थन करताना संत लूकच्या चौदाव्या अध्यायातील मेजवानीच्या दाखल्याचा आधार घेतला. तेथे यजमान चाकराला सांगतो की रस्त्यांवर आणि कुंपणांपाशी जा आणि लोकांना आत येण्यास भाग पाड.

हे 'भाग पाडणे' कोणत्या प्रकारचे आहे, ते मराठी माणसाला समजावून सांगावे लागू नये. दुपारच्या वेळी आलेल्या पाहुण्याला आपली आई म्हणते, "जेवल्याशिवाय जाऊ देणार नाही." "बळेच जेवायला बसवलं" असे पाहुणा घरी जाऊन कौतुकाने सांगतो. ही आग्रहाची भाषा आहे. याच लूकने अम्माऊसच्या वाटेवरील दोघांनी प्रभूला राहण्याचा आग्रह केल्याचे लिहिले आहे आणि लुदियाने प्रेषितांना आपल्या घरी येण्यास भाग पाडल्याचेही. तेथे कोणी शिपाई बोलावले नव्हते. मेजवानीच्या दाखल्यातील हा आग्रह मात्र फौजदारी कायद्याचे कलम होऊन बसला.

अगस्तीन यांच्या बाजूने एवढे सांगणे न्याय्य आहे की दोनातपंथीयांना देहदंड देऊ नये, म्हणून त्यांनी अधिकाऱ्यांना वारंवार विनविले. परंतु शब्द एकदा हातून सुटला की त्याला मर्यादा राहत नाही. मध्ययुगात आणि त्यानंतरही धर्माच्या नावाने बळ वापरणाऱ्यांना हे वचन हाताशी मिळाले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६८५ साली प्रोटेस्टंटांना दिलेले संरक्षण रद्द केले, तेव्हा पिएर बेल या विचारवंताने लगेच १६८६ साली याच वचनावर एक ग्रंथ लिहिला. ज्या शब्दशः अर्थामुळे अपराध करणे कर्तव्य ठरते तो अर्थ खोटाच असला पाहिजे, हा त्याचा मुद्दा होता. तो कॅथॉलिक नव्हता. तरी त्याने अगस्तीन यांचाच कस अगस्तीन यांच्या चुकीला लावला असे म्हणावे लागेल. आपल्या किनारपट्टीवरही, विश्वासाचे रक्षण शिक्षेने होते या समजुतीवर गोव्याचे धर्मन्यायालय १५६० पासून, मधली काही वर्षे सोडल्यास, १८१२ पर्यंत उभे होते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी धर्मस्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत केला, आणि विश्वासाच्या बाबतीत कोणावरही सक्ती होता कामा नये, ही शिकवण निःसंदिग्ध शब्दांत मांडली.

रक्ताची भाषा

सर्वांत जड पान अजून उलगडावयाचे आहे. संत मत्तयाच्या सत्ताविसाव्या अध्यायात पिलात हात धुतो आणि जमलेले लोक, याचे रक्त आमच्यावर व आमच्या मुलाबाळांवर असो, असे ओरडतात. रक्त माथ्यावर असणे हा हिब्रू भाषेतील नित्याचा वाक्प्रचार. यहोशवाच्या ग्रंथात राहाबेच्या घरी लपलेले हेर तो वापरतात, शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथात दावीद वापरतो. मराठीत आपण "याचे पाप माझ्या माथी" म्हणतो, तसेच ते. जबाबदारी घेण्याची ती भाषा आहे, आणि ती बोलणारा त्या अंगणात जमलेला एक जमाव आहे.

पण हे शब्द एका सबंध वंशाला पिढ्यान्‌पिढ्या चिकटलेला शाप म्हणून वाचले गेले. आश्चर्य म्हणजे लक्षणेचा तो महापंडित ओरिजेन येथे अडखळला. हे रक्त केवळ तेव्हाच्या लोकांवर नव्हे, तर यहुद्यांच्या पुढील सर्व पिढ्यांवर आले, असे त्याने मत्तयाच्या भाष्यात लिहिले. ज्याला देवाच्या हातांचा अर्थ कळला होता, त्याला या रक्ताचा कळला नाही. १०९६ साली पहिल्या क्रूसयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाइनकाठच्या वर्म्स आणि माइन्त्स या नगरांत यहुद्यांच्या कत्तली केल्या, तेव्हा प्रभूच्या मरणाचा सूड घेण्याची भाषा त्यांच्या तोंडी होती. श्पायरच्या बिशपने आपल्या नगरातील बहुतेक यहुद्यांना वाचविले, हीही नोंद केली पाहिजे.

ख्रिस्तसभेच्या अधिकृत शिकवणुकीत दुसरा सूर नव्हता असे नाही. त्रेंत परिषदेनंतर १५६६ साली निघालेल्या रोमन धर्मशिक्षण ग्रंथाने प्रभूच्या दुःखसहनाचा दोष पापी ख्रिस्ती लोकांवर अधिक ठेवला आहे. पण तो सूर बाजारापर्यंत पोहोचला नाही. जूल इझाक हे फ्रेंच यहुदी इतिहासकार. त्यांची पत्नी आणि मुलगी नाझींच्या छळछावणीत बळी पडल्या. १९४८ साली त्यांनी येशू आणि इस्राएल यांच्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. १३ जून १९६० रोजी त्यांनी पोप तेविसावे योहान यांची भेट घेऊन, ख्रिस्ती शिकवणुकीतील हा तिरस्कार पुसून टाकण्याची विनंती केली. २८ ऑक्टोबर १९६५ रोजी परिषदेने अन्य धर्मांविषयीचा जाहीरनामा संमत केला. प्रभूच्या दुःखसहनात जे घडले त्याचा दोष तेव्हाच्या सर्व यहुद्यांवर सरसकट, किंवा आजच्या यहुद्यांवर, ठेवता येत नाही, असे त्यात स्पष्ट झाले. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या येशूचरित्राच्या दुसऱ्या खंडात याच्याही पुढे पाऊल टाकले : येशूचे रक्त सूड मागत नाही, ते सर्वांसाठी सांडले असल्याने ते कोणावर पडले तर समेटच घडविते.

सर्वच लाक्षणिक नव्हे

एवढे वाचून कोणी असा निष्कर्ष काढील की मग प्रत्येक वचन लाक्षणिक मानावे म्हणजे धोका नाही. संत अगस्तीननी त्याच ग्रंथात या उलट चुकीबद्दलही बजावले आहे. सरळ सांगितलेल्या गोष्टीला अलंकार समजणे, हीदेखील चूकच.

योहानाच्या सहाव्या अध्यायात जीवनाच्या भाकरीविषयी बोलणे ऐकून पुष्कळ शिष्य कुरकुरले आणि निघून गेले. मंदिर, खमीर आणि झोप यांचा खुलासा शुभवर्तमानात होतो. येथे मात्र 'मी नुसत्या अलंकारात बोललो' असे सांगून प्रभू त्यांना मागे बोलावीत नाही. लियॉनच्या अफवेइतका आंधळा अर्थ खोटा, आणि भाकर ही केवळ आठवणीची खूण, हा अर्थही अपुरा. १५२९ च्या ऑक्टोबरात मार्बुर्ग येथे ल्यूथर आणि झ्विंग्ली 'आहे' या एका शब्दावर अडून बसले. ल्यूथरने ते लॅटिन वाक्य मेजावर खडूने लिहून ठेवले होते. 'आहे' म्हणजे 'दर्शविते', असे झ्विंग्लीचे म्हणणे. पंधरा कलमांपैकी चौदांवर एकमत झाले, या एकावर पूर्ण होऊ शकले नाही. प्रभू पवित्र मिस्सात खरोखर उपस्थित असतो, परंतु संस्कारविधीच्या रीतीने, ही कॅथॉलिक श्रद्धा दोन्ही टोकांपासून दूर आहे.

तिसऱ्या शतकात मिसरमध्ये अंतोनी नावाच्या तरुणाने देवळात एक वचन ऐकले : पूर्ण व्हावयाचे असेल तर आपले असेल नसेल ते विकून गोरगरिबांना दे. ही बोलण्याची रीत आहे, असे म्हणून तो घरी गेला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. त्याने वडिलोपार्जित जमीन देऊन टाकली आणि तो मठवासीयांचा पिता झाला. भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, हे शब्द आपण मात्र किती सहज 'आध्यात्मिक अर्थाने' घेतो! जेथे दुसऱ्याला झळ लागते तेथे वाच्यार्थ, आणि जेथे आपल्या खिशाला लागते तेथे लक्षणा, अशी आपली सोयीची व्याकरणे असतात.

असिसीच्या संत फ्रान्सिसची गोष्ट आपणा सर्वांना ठाऊक आहे. इ. स. १२०५ च्या सुमारास सान दामियानोच्या पडक्या देवळात क्रुसासमोर प्रार्थना करताना त्याला आज्ञा ऐकू आली की माझे घर ढासळत चालले आहे, ते दुरुस्त कर. सांगणाऱ्याच्या मनात सबंध ख्रिस्तसभा होती. फ्रान्सिसने मात्र शब्दशः अर्थ घेतला. त्याने दगड मागून आणले, खांद्यावर वाहिले आणि भिंती बांधावयास घेतल्या. अर्थ चुकला, तरी त्या चुकीने कोणाचे घर मोडले नाही. एक देऊळ तेवढे उभे राहिले. दगड वाहता वाहताच त्याला खरा अर्थ गवसत गेला. मिसरच्या थेओफिलसना शब्दांचा अर्थ अचूक ठाऊक होता, आणि त्यांनी माणसे हुसकावली.

बंधुभगिनींनो, घरात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी पवित्र शास्त्र उघडले की असे एखादे वचन आपल्यापुढे येतेच, ज्याने मन थबकते. तेव्हा दोन प्रश्न स्वतःला विचारावेत. या अर्थाने कोणाविषयी माझी प्रीती वाढते की कमी होते? आणि हा अर्थ मी माझ्या सोयीसाठी तर निवडला नाही? भाष्यग्रंथ प्रत्येक घरी नसतात. हे दोन प्रश्न असू शकतात.

त्या लहान मुलाला पुढच्या रविवारी मी वर्गानंतर थांबवून घेतले. देवाला आपल्यासारखे हात नाहीत, हे खरे. पण त्याचा पुत्र मनुष्य झाला, त्याला हात होते. त्यांनी त्याने कुष्ठरोग्याला स्पर्श केला, लेकरांना जवळ घेतले, आणि त्या हातांत खिळे ठोकले गेले, ते अलंकारिक नव्हते. मुलगा थोडा वेळ विचार करीत राहिला आणि म्हणाला, "मग आहेत म्हणा की, फादर." सेरापियनला रडताना पाहून कोणीतरी एवढेच सांगितले असते, तर त्या म्हाताऱ्याचे डोळे पुसले गेले असते असे मला वाटते.